फिरस्त्यातले बाबा

बैठक कधी ना कधी व्हायचीच होती. ती आजच, या कडाक्याच्या थंडीत व्हावी हा मात्र काकांचा हट्ट होता. बाबा गेल्यापासून काकांचे हट्ट वाढले होते. थोरला भाऊ होता तोवर हट्ट करण्याची सोयच नव्हती. तो नुसतं "हूं" म्हणायचा आणि विषय तिथे संपायचा. आता "हूं" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं आणि बोलून बोलून काकांना स्वतःचाच कंटाळा यायला लागला होता.

"वर्ष उलटलं," अत्तराच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ठेवून ते पुतण्याला म्हणाले. "फिरस्ता येणार, फिरस्ता येणार, असं दादा स्वतः गिऱ्हाइकांना सांगून गेला. आता ते विचारतात. काय सांगू मी त्यांना? पुतणी अजून हुंगतेय म्हणून?"

"काका, ती जिवाचं रान करतेय."

"म्हणून तर म्हणतो. आज सगळ्यांनी हो म्हटलं तर बाटल्या भरू. नाही तर संध्याकाळी तो बाहेरचा माणूस येतोय. दादानं केलेलं जेवढं आहे तेवढं त्याच्या हातात ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. उरलेलं तो करेल."

"बाहेरचा? आपल्या बाटलीत?"

"मोठ्या कंपन्यांची कामं करतो तो. नाक चांगलं आहे त्याचं."

नाकाची स्तुती या घरात सहसा कुणाची होत नसे. लोक माणसाचं रूप बघतात, शिक्षण बघतात. इथे तीन पिढ्या माणसाचं नाक बघत आल्या होत्या, तेही दिसतं कसं म्हणून नव्हे. या घरात नाक मुरडणं हा अपमान नव्हता, तो अभिप्राय होता. त्यामुळे काकांच्या तोंडून परक्या नाकाचं कौतुक ऐकून पुतण्या, घरातला धाकटा, त्यांच्याकडे बघतच राहिला.

फिरस्ता हा बाबांचा शेवटचा सुगंध, पुरुषांसाठी केलेला. बाबांचं अर्धं आयुष्य वनस्पतींच्या मागे फिरण्यात गेलं होतं, आणि ती फिरस्ती त्यांना एका बाटलीत बसवायची होती. डोंगरातल्या ज्युनिपरची फळं आणि संत्र्याचं कडवट पान, समुद्राकडची रोझमेरी, नदीकाठचा वाळा असे तीन प्रवास त्यांनी पुरे केले. चौथा थर राहिला. तो घरी परत येण्याचा होता. "दार उघडल्यावर माणूस आत येतो ना, तो वास पाहिजे," एवढंच ते म्हणायचे. मग त्यांचं हृदय एका दुपारी जिन्यावरच थांबलं, आणि चौथा थर थोरल्या लेकीच्या पदरात पडला.

"तू तिला शब्द दिलायस," काका म्हणाले.

"कसला?"

"हो म्हणण्याचा. तुला खोटं बोलता येत नाही, तुझे कान लाल होतात."

धाकट्यानं कानांवरून टोपी खाली ओढली. उद्या त्याला ज्युनिपरच्या खरेदीला डोंगरात निघायचं होतं. जाण्याआधी बहिणीला मदत करून जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. काल ती म्हणाली होती, "तू फक्त हो म्हण. काका एकटे पडले की गप्प बसतात." आणि तो हो म्हणाला होता.

"आणि समजा तिनं चांगलं केलं असेल तर?" त्यानं विचारलं.

काकांनी काचेच्या कपाटातल्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. ती फळी त्यांनी फिरस्त्यासाठी मोकळी ठेवली होती आणि रोज स्वतः पुसत होते. "तर मी तिचे पाय धरीन," ते म्हणाले. "पण तिच्याकडे बघून तुला तसं वाटतं का?"

धाकट्याला तसं वाटत नव्हतं.

वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, थोरली कागदी पट्ट्या कापत होती. या कामाच्या खोलीत शेगडी कधी पेटवत नसत, कारण ऊब आणि तेलं यांचं जमत नाही. म्हणून तिच्या अंगात बाबांचा कोट होता. जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, तपकिरी. बाबांचा प्रत्येक प्रवास त्या कोटातून झाला होता. तेल काढायच्या भट्ट्यांशेजारी ते तो घालूनच झोपत, देवदाराच्या चिपांची पोती त्याच खांद्यावरून उचलत, आणि खिशांत राळेचे खडे भरून आणत. ते गेल्यावर चौथ्या दिवशी तिनं तो अंगात घातला, बाह्या दुमडल्या, आणि त्यानंतर कामाच्या वेळी कधी काढला नाही.

तिनं पट्टी फिरस्त्याच्या बाटलीत बुडवली, हलवली, नाकाशी नेली. मग डोकं वळवून कोपराच्या आतल्या बाजूला बाहीत नाक खुपसलं, खोल श्वास घेतला आणि पुन्हा पट्टीकडे आली. ही सवय या घरातल्या सगळ्यांची. नाक थकलं की ते स्वतःच्या बाहीत न्यायचं. आपला स्वतःचा वास नाक मोजत नाही, त्यामुळे तिथे ते विसावतं आणि ताजं होऊन परत येतं. बाबांनी दोन्ही मुलांना अक्षरं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं.

आजही तेच झालं. ज्युनिपर आला, रोझमेरी आली, वाळा आला. आणि शेवटी बाबा दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. आत म्हणून यायला तयार नाहीत. वर्षभर हे असंच चाललं होतं. ती देवदार वाढवायची, राळ वाढवायची, धुरकट लाकडाचा अर्क वाढवायची, आणि बाबा तेवढ्यापुरते एक पाऊल पुढे सरकायचे, मग पुन्हा मागे. आज सकाळी उठल्या उठल्या तिनं पुन्हा देवदार वाढवला होता. आता पुरे, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिला बाहेरच्या माणसाचं भय नव्हतं. त्या माणसानं बाबांना कधी पाहिलंच नव्हतं आणि तरी तो बाबांना आत आणेल, किंवा आणू शकणार नाही आणि तसंच बाटलीत भरेल, या दोन्ही गोष्टी तिला सहन होणार नव्हत्या.

"ताई, सगळे बसलेत," दारातून धाकट्याची बायको म्हणाली. शाळेत गणित शिकवणारी ही मुलगी या घरात आली तेव्हा तिचा पहिला त्याग गुलाबाच्या साबणाचा होता. घरात कुणी सुगंधी काही लावायचं नाही हा नियम तिनं आधी हसण्यावारी नेला, मग भांडून पाहिला, शेवटी मान्य केला.

"आले," थोरली म्हणाली आणि कोटासकट उठली.

बैठकीच्या खोलीच्या खिडक्या पहाटेपासून सताड उघड्या होत्या. सगळे शाली-स्वेटरांत गुरफटून लांब टेबलाभोवती बसले होते. रीत अशी की सगळ्यांत लहान नाकानं आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या मताचा भार पडत नाही. आणि ज्यानं सुगंध केला त्यानं खिडकीशी उभं राहायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शेवटचा शब्द बाबांचा असे. आज तो आपला, असं काका धरून चालले होते. पण ते खोलीत आले तेव्हा आई बाबांच्या खुर्चीवर बसलेली होती. काका दाराशीच थबकले.

"बसा ना भाऊजी," आई म्हणाली.

थोरलीनं पट्ट्या वाटल्या आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सुनेनं पट्टी नाकाशी नेली आणि तिचं डोकं आपोआप मागे गेलं. डोळ्यांत पाणी आलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बंद खोलीत कुणी ओली लाकडं पेटवावीत तसं काहीतरी होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"बोल गं," काका म्हणाले. "इथे गोड बोलायचं बक्षीस नाही."

"मला लाकूड येतंय," ती सावकाश म्हणाली. "लाकूड आणि धूर. तेवढंच. माझंच नाक कच्चं असेल."

"कच्चं-पक्कं आम्ही बघू. पुढे."

धाकट्यानं पट्टी घेतली. हो म्हणायचं हे त्याचं आधीच ठरलेलं होतं, हुंगायची तशी गरजही नव्हती. पण नाक कुणाचं ऐकतं? ते आपलं शोधायला गेलंच. त्या डोंगरात बाबांबरोबर तो शाळकरी असल्यापासून जात होता. ज्युनिपरची फळं बोटांत चुरडली की जो थंडगार, टोचणारा वास येतो तो त्याला झोपेतही ओळखता आला असता. तो त्यानं शोधला. मग संत्र्याचं पान शोधलं. मग वाळा, जो दडवू म्हटलं तरी दडत नाही. काहीच हाती लागेना.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"अहो," त्याची बायको हळूच म्हणाली.

"चांगलं आहे म्हटलं ना!"

"ज्युनिपर कसा वाटला?" काकांनी विचारलं. आवाजात धार नव्हती, आणि तेच वाईट होतं. "तुझाच आहे. गेल्या खेपेचा. कुठे लागला, सुरुवातीला की मध्ये?"

धाकट्याचे कान लाल झाले. टोपी त्यानं बैठकीसाठी काढून ठेवली होती. त्यानं खिडकीकडे, बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला लहानपणी झाडावरून पडताना वरून धरलेला तिचा हात आठवला. तेव्हा तिनं हात सोडला नव्हता.

"नाहीये," तो म्हणाला. "ताई, ज्युनिपर नाहीये यात. काहीच नाहीये. तिन्ही प्रवास बुडालेत."

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. तोंड तिनं उघडलं नाही. रीत ती रीत.

मग काकांनी हुंगलं.

काय बोलायचं ते त्यांनी जिना चढतानाच ठरवलं होतं. दादाचं नाव राखायचं तर भावनेला आवर घालावा लागतो, वगैरे. पट्टी नाकाशी गेली आणि त्यातलं एक वाक्य त्यांना आठवेना. दादा समोर उभा होता. नुकताच गाडीतून उतरलेला, दाढी वाढलेली, खिशातून राळेचा खडा काढून "बघ बरं हे काय आहे" म्हणून नाकाखाली धरणारा. वर्षभरात काका एकदाही रडले नव्हते. दुकान उघडायचं होतं, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची होती. आता त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि शालीच्या टोकानं डोळे पुसले.

"दादा आहे यात," ते म्हणाले. "पुरता दादा आहे. इतका, की माझ्यानं बसवत नाही. पण पोरी, त्याच्याशिवाय दुसरं काहीच नाही गं. हे कोण अंगाला लावणार? लावलं तर लावणारा गुदमरेल."

आणि तेव्हा थोरली बोलली. तीन पिढ्यांत जे कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं, आईची पाळी यायच्या आधीच ती बोलली.

"बाबा आहेत?" ती म्हणाली. "कुठे आहेत? मला तर येतच नाहीत ते! मी वर्षभर त्यांना बोलावतेय, काका, आणि ते आत येत नाहीत. मला येत नाहीत!"

बोलता बोलता, रडू आवरायला म्हणून असेल किंवा नुसत्या सवयीनं, तिनं मान वळवली आणि बाहीत नाक खुपसलं.

सगळ्यांनी ते पाहिलं. शेवटी सून बोलली, कारण तिला अजून या घराचं सगळंच मुकाट्यानं बघायची सवय झाली नव्हती.

"ताई, बाही त्यांची आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही नाक विसावता ते त्यांच्या वासात. रोज. मग तो तुमच्या नाकाला..."

पुढे बोलायची गरजही नव्हती. हे न कळणारं कुणीच त्या खोलीत नव्हतं. ज्या वासात नाक सतत बुडालेलं असतं तो नाक मोजत नाही, हे तर पहिल्या दिवशीचं शिक्षण. थोरलीनं बाबांना आपला शून्य करून ठेवलं होतं, आणि मग त्या शून्यावर ती वर्षभर देवदार ओतत होती.

थोरली कोटाच्या बाहीकडे बघत राहिली. मग एकेकाकडे बघू लागली. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे रोज बघत होता. एखादा पोरगा कामाच्या खोलीत वासाचा रुमाल घेऊन आला तर तुम्ही त्याला जिन्यावरून खाली पाठवता, काका."

"बोलणार होतो," काका म्हणाले. "दोनदा दारापर्यंत आलो. तू त्या कोटात एवढीशी दिसायचीस. काय सांगणार होतो, काढ म्हणून?"

"मला वाटलं, तेवढाच तुला आधार," धाकटा म्हणाला.

"आधार!" थोरली म्हणाली. "आणि आज बैठक लावून तो आधार काढून घेताय!"

"अगं, त्या बाहेरच्या माणसाला काका..." धाकट्यानं सुरुवात केली, आणि काका त्याच्यावर उसळले, "माझं नाव घेऊ नकोस, तुझं 'चांगलं आहे' ऐकलं सगळ्यांनी," आणि मग दोघंही एकदम बोलू लागले. धाकटा म्हणाला फिरस्ता बंदच करा, काका म्हणाले बंद करायला तो काय तुझ्या बापाचा आहे का, आणि तसा तो होताच हे लक्षात येऊन दोघंही गप्प झाले.

आईनं अजून पट्टीला हात लावला नव्हता.

"दे," ती म्हणाली.

थोरलीनं टेबलापाशी येऊन पट्टी पुढे सरकवली.

"ती नको. कोट दे."

थोरलीनं दोन्ही हातांनी कोट अंगाशी आवळला. पस्तिशी उलटलेली बाई, पण त्या क्षणी जिच्याकडून खेळणं काढून घेताहेत अशा पोरीसारखी दिसली. आई हात पुढे करून थांबली. घाई केली नाही, रागावली नाही. शेवटी थोरलीनं एक बाही काढली, मग दुसरी, आणि कोट आईच्या मांडीवर ठेवला. उघड्या खिडकीतली थंडी तिच्या दंडांना लागली तशी ती शहारली.

आईनं कोटाच्या गळ्याशी तोंड नेलं. मग काखेशी. मग आतल्या अस्तराशी. बराच वेळ ती तशीच वाकून होती.

"लाकूड आहे," ती मान वर करून म्हणाली. "धूर आहे. ते नाहीत."

"आई, नीट बघ. कॉलरपाशी..."

"कॉलरपाशी तू आहेस. तुझ्या मानेचा वास आहे, केसांचा आहे. वर्षभर तू घातलास ना बाळा. आता हा तुझा कोट झालाय."

"मग मी कुणाला पांघरून बसले होते?" थोरली म्हणाली.

आई कोटावरून हात फिरवत राहिली. ती या बैठकांत फार बोलत नसे. तिचं नाक घरातलं सगळ्यांत तिखट, असं बाबा म्हणायचे, पण तिनं त्याचा कधी डौल मिरवला नव्हता.

"भाऊजींना ते भेटले पट्टीत," ती म्हणाली. "भेटणारच. तुम्ही सगळे दारात धावायचात, खिशातून काय निघतं ते बघायला. तुमचा तो आलेला माणूस. मग ते आंघोळ करायचे, कोट गच्चीवर टांगायचे, आणि दोन-चार दिवसांत सगळं उडून जायचं. त्यानंतर जो उरायचा ना, तो माझा होता. त्याला वासच नव्हता. या घरातल्या माणसाला वास नसतो, हा यांचाच नियम." तिनं कोटाचं अस्तर मुठीत धरलं. "म्हणून माझ्याजवळ काही राहिलं नाही. उशी हुंगली, टॉवेल हुंगला, कपाट हुंगलं. चाळीस वर्षांच्या संसारातल्या माणसाचं घरात काहीसुद्धा नाही."

काका उठले, आणि उठून काय करायचं हे न सुचून पुन्हा बसले. सुनेनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. थोरली तिथेच उभी होती. वर्षभर या घरात आपलंच दुःख सगळ्यांत मोठं, असं ती धरून चालली होती; कोट तिच्याकडे होता ना. आई एकटी उशा हुंगत हिंडत होती हे तिला माहीतही नव्हतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"आई," ती म्हणाली, "मी तो तुझ्याकडे आणायला हवा होता. पहिल्याच दिवशी."

"मी मागायला हवा होता. राहिलं." आईनं डोळे पुसले आणि कोट धाकट्यापुढे धरला. "उद्या डोंगरात जातोयस ना? थंडी असेल. हा घरात बसायला शिवलेला नाही."

"आई, मला नको गं..."

"घाल."

धाकट्यानं कोट घातला. खांद्यांत तो त्याला जरा घट्ट झाला. काका एकदम "शटर अर्धंच आहे, बघून येतो" म्हणून जिन्याकडे निघाले. दाराशी थांबून, मागे न बघता ते म्हणाले, "त्या माणसाला आज येऊ नको म्हणून कळवतो. तू तुझं कर, पोरी. सावकाश कर."

थोरली गच्चीवर गेली. नाक साफ व्हायला मोकळी हवा लागते आणि वेळ लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. समोरच्या छपरांवर कुणी कपडे वाळत घालत होतं, खालून गाड्यांचे आवाज येत होते. थोड्या वेळानं सून शाल घेऊन वर आली आणि शेजारी उभी राहिली. थोरलीनं शाल घेतली नाही, तिचा हात मात्र धरला. दंड पार गारठले तेव्हा तिनं स्वतःच्या उघड्या कोपरात नाक नेलं. तिथे आता नुसती कातडी होती.

ती खाली आली. आई कामाच्या खोलीत स्टुलावर बसून होती. सकाळची बाटली तिथेच होती. थोरलीनं नवी पट्टी बुडवली, हलवली, आणि नाकाशी नेली.

बाबा आले. उंबऱ्यावर थांबले नाहीत, सरळ आत आले आणि सगळी खोली भरून उभे राहिले. वर्षभर घातलेला एकेक थेंब एकदम अंगावर आला. ती रडत होती आणि हुंगत होती, आणि प्रत्येक श्वासाला ते थोडे थोडे कमी होत चाललेत हेही तिला कळत होतं, कारण नाक सरावायला लागलं होतं. काकांनी ओळखले ते हेच. आईजवळ उरायचे ते हे नव्हेत. ते कुठल्याही बाटलीत येणार नव्हते.

"आले?" आईनं विचारलं.

"आले."

"मग आता कमी कर."

थोरलीनं पट्टी बाहेर, वाऱ्यावर ठेवली. रिकामी बाटली वजनकाट्यावर ठेवून तिनं संत्र्याचं पान घेतलं, ज्युनिपर घेतला, रोझमेरी घेतली, वाळा घेतला. मग देवदार उचलला. थेंब पडू लागले. हात सवयीनं पुढे जाऊ पाहत होता, अजून, अजून थोडा. आई बघत होती. थोरलीनं हात आवरला आणि देवदाराच्या बाटलीला बूच लावलं.